सांधेवाल्याची टपालपेटी: सांधा फिरला, की नुसता फिरवला?

गेल्या अंकात मी गच्चीवरच्या खोलीतल्या माझ्या टेबल-स्टेशनाबद्दल, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेबद्दल, लिहिलं होतं. त्यात शेवटी सहज म्हणून गेलो, की आता माझे अकराही सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे जोड) बटणावर चालतात. झालं! बोगदा, कापूस आणि पीओपीचा घाट, जुन्या टूथब्रशच्या केसांचं गवत, यांबद्दल कुणी एका अक्षराने विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. माझी तक्रार नाही. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेंटेनर म्हणून काढली, सांध्यांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. घरात ऐकायला कुणी उरलेलं नाही, इतकंच.

आठ बाय चारच्या प्लायवर एचओ मापाचा (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा) लेआउट केला आहे. सहा सांधे, सगळे हाताने बदलतो. पलीकडच्या कडेचा सांधा बदलायला वाकलो की बाहीला लागून डबे आडवे होतात. दुकानदार म्हणतो कॉइलची मोटर घ्या, भाचा म्हणतो सर्व्हो लाव, इंटरनेटवर स्लो-मोशन मोटरची स्तुती वाचतो. मी बँकेतला माणूस, इलेक्ट्रॉनिक्सची अक्षरओळख नाही. सुरुवात कुठून करू? — डोंबिवली

भाच्याचं ऐका. पण तिघांची ओळख करून घ्या, कारण तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कॉइलच्या मोटरीत दोन वेटोळी असतात आणि मधे एक लोखंडी दांडी. या वेटोळ्याला वीज दिली की दांडी इकडे, त्याला दिली की तिकडे. काम क्षणात होतं आणि ‘खाट्’ असा आवाज येतो. मजबूत, जुनी आणि भरवशाची चीज. दोष एवढाच, की खरा सांधा असा गोळी सुटल्यासारखा कधी बदलत नाही. स्लो-मोशन मोटर १२ व्होल्टवर सावकाश फिरते, टोकाला पोचली की तिथेच दाब धरून अडून राहते, आणि अडलेली असतानाही जेमतेम १५-१६ मिलिअँपिअर खाते. शिवाय तिच्या पोटात जास्तीचे दोन चेंजओव्हर संपर्क (सांध्याबरोबर विजेची बाजू बदलणारे स्विच) असतात, ते फार कामाला येतात. पण ती बाहेरून मागवावी लागते आणि सहा घेतल्या तर घरात हिशोब द्यावा लागतो.

सर्व्हो म्हणजे खेळण्यातल्या विमानांत वापरतात ती नऊ ग्रॅमची निळी डबी, एसजी-९०. दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत. तीन तारा असतात: तपकिरी ग्राउंड, लाल ५ व्होल्ट, नारिंगी सिग्नल. नारिंगी तारेवरून तिला सेकंदाला ५० वेळा एक छोटा ठोका द्यायचा. ठोका १ मिलिसेकंदाचा असला तर हात एका बाजूला, २ चा असला तर दुसऱ्या, दीडचा असला तर मधोमध. हे ठोके देण्याचं काम आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) करतो. तुम्ही त्याला फक्त अंश सांगायचे.

आता माझं ऐकाल तर पहिले पंधरा दिवस लेआउटला हात लावू नका. एक फालतू सांधा, फुटभर प्लायचा तुकडा, एक सर्व्हो, एक आर्डुइनो नॅनो आणि एक बटण घ्या. तो तुकडा दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हात जाईल. टाय बारच्या (दोन्ही सरकत्या पात्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) बरोबर खाली ८-१० मिमीचं भोक पाडा. भोक आधी, सांधा नंतर. मी उलटं केलं होतं. सांधा चिकटवून झाल्यावर खालून ड्रिल घातलं, आणि ड्रिल वर आलं ते टाय बार गुंडाळूनच आलं. तो सांधा अजून खिडकीत ठेवलाय. नातवाला दाखवायला बरा पडतो.

सर्व्होच्या हातात ०.८ मिमीची स्प्रिंग स्टीलची तार अडकवून ती भोकातून टाय बारमध्ये घाला. साधी बाइंडिंगची तार नको. ती वाकते आणि वाकलेलीच राहते. आपल्याला हवी ती वाकून परत येणारी. एचओच्या सांध्याची पाती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकते. सर्व्होने गरजेपेक्षा किंचित जास्त ढकलायचं आणि जास्तीचं तारेने पोटात घ्यायचं, म्हणजे पाती मुख्य रुळाला चिकटून बसते. काही कंपन्यांच्या सांध्यांत टाय बारखाली बारीक स्प्रिंग असते, ती पाती धरून ठेवते. सर्व्हो लावणार असाल तर ती काढा. नाहीतर दोघांची कुस्ती होते आणि सर्व्हो कायम गुरगुरत राहतो.

प्रोग्राममध्ये लोक मोठी चूक करतात ती ही: एका झटक्यात ७८ वरून १०२ अंश. मग सर्व्होसुद्धा कॉइलसारखाच उडी मारतो. त्यापेक्षा एकेक अंश पुढे सरका आणि दर अंशाला १२० मिलिसेकंद थांबा. चोवीस अंशांना जवळपास तीन सेकंद लागतात. खऱ्या पॉइंट मशीनलाही (सांधा फिरवणाऱ्या यंत्रालाही) असेच तीन-चार सेकंद लागतात. पहिल्यांदा माझ्या टेबलावर पाती अशी हळू सरकली तेव्हा मी नकळत कान दिला. मशीनची घरघर ऐकायची सवय जाता जात नाही.

एक सांधा शंभर वेळा न चुकता फिरला, की मग सहाही सांध्यांना हात घाला.

माझ्याकडे कॉइलच्या जुन्या चार मोटरी आहेत, मुलाने परदेशातून आणलेल्या. परवा बटण दाबलं ते आत अडकलं. माझ्या लक्षात येईपर्यंत धूर निघाला. कॉइलच्या मोटरी टाकून द्याव्यात का? — निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

गुरुजी, टाकू नका. चूक मोटरीची नाही, बटणाला दिलेल्या अधिकाराची आहे.

गणित तुम्हाला आवडेल. अशा वेटोळ्याचा रोध ४ ओहमच्या आसपास धरा. १६ व्होल्ट दिले की ४ अँपिअर, म्हणजे ६४ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे बोटाएवढ्या वेटोळ्यात तुम्ही अडीच सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवलीत. पाव सेकंदापुरतं ते सहन होतं. अडकलेलं बटण पाव सेकंद मोजत नाही.

उपाय जुना आणि फार हुशार आहे: कॉइलला थेट पुरवठा द्यायचाच नाही. मधे एक कपॅसिटर ठेवायचा आणि त्यात जेवढी वीज साठेल तेवढीच तिला द्यायची. २४ व्होल्ट डीसीचा अडॅप्टर, त्याच्या पुढे २२० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, मग ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. त्याच्यापुढे तुमची बटणं आणि कॉइल. बटण दाबलं की कपॅसिटर आपला सगळा साठा एका दमात कॉइलमध्ये ओततो. तो सव्वा जूलच्या थोडा वर भरतो. सांधा खाडकन फिरतो, बहुधा आधीपेक्षाही जोरात. आणि बटण अडकलं तर? रेझिस्टरमधून जेमतेम दहावा हिस्सा अँपिअर वाहत राहतो. कॉइल कोमटसुद्धा होत नाही. रेझिस्टर मात्र तापतो, म्हणून तो ५ वॅटचा घ्यायचा आणि लाकडाला टेकू द्यायचा नाही.

दोन पथ्यं. एका फिरकीनंतर तीन-एक सेकंद थांबा, साठा परत भरायला तेवढा वेळ लागतो. आणि कपॅसिटरचं ऋण टोक कुठलं ते दोनदा पाहा. उलटा लावलात तर लक्ष्मी बाराचा आवाज ऐकू येईल, आणि तोही डोळ्यांजवळ.

जळलेल्या मोटरीचं वेटोळं उकलून पुन्हा गुंडाळता येतं. मोटर रिवाइंडिंगवाला एवढंसं काम हसून करून देईल. निदान माझ्या गल्लीतल्याने दिलं.

पॅनेलवर हिरवा दिवा होता, सांधा ‘सरळ’ दाखवत होता, आणि तरीही मालगाडी सायडिंगला (बाजूच्या रुळावर) घुसून उभ्या डब्यांवर आदळली. आर्डुइनो, प्रोग्राम, दिवे सगळं तपासलं, दोष सापडत नाही. — सोलापूर

दोष सापडणार नाही, कारण तुम्ही जिथे शोधताय तिथे तो नाही. तुमचा दिवा खोटं बोलत नाही. तो फक्त तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

तुम्ही पाठवलेलं वायरिंग पाहिलं. बटण दाबलं की आर्डुइनो सर्व्होला सांगतो ‘सरळ हो’ आणि त्याच क्षणी हिरवा दिवा लावतो. म्हणजे दिवा सांगतो की हुकूम सुटला. सांधा फिरला का, हे त्याला ठाऊकच नाही. सर्व्होची तार टाय बारमधून निसटली असेल, पात्यात गिट्टीचा एखादा कण अडकला असेल, प्लॅस्टिकचे दाते झिजले असतील. दिवा हिरवाच.

खऱ्या रेल्वेत हा प्रश्न आमच्या रक्तात भिनवलेला असतो. सांधा फिरवणं वेगळं आणि सांधा फिरल्याचा पुरावा मिळणं वेगळं. त्या पुराव्याला आम्ही डिटेक्शन म्हणतो. पॉइंट मशीनमध्ये मोटरीचं सर्किट निराळं आणि डिटेक्शनचं निराळं. पाती मुख्य रुळाला टेकली, कुलूप बसलं, तरच डिटेक्शनचे संपर्क जुळतात, आणि ते जुळल्याशिवाय सिग्नल पिवळा-हिरवा होत नाही. ड्रायव्हरला केबिनवाल्याची इच्छा दिसत नाही, सांध्याची स्थिती दिसते.

त्याची परीक्षाही असते. पात्याच्या टोकापासून १५० मिमीवर, पाती आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिमी जाडीची पट्टी धरायची आणि सांधा फिरवायला सांगायचं. मशीन जोर लावतं, क्लच घसरतो, घर्र घर्र होतं, पण कुलूप बसता कामा नये आणि डिटेक्शन येता कामा नये. आलं, तर ते मशीन नापास. भर उन्हात गिट्टीत उकिडवं बसून ही पट्टी मी किती वेळा धरली असेल याची मोजदाद नाही. एकदा एका जंक्शनवर पट्टी धरली असताना डिटेक्शन आलं. सहा महिने त्या सांध्यावरून गाड्या बिनघोर गेल्या होत्या. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तर आता तुमचं टेबल. प्रत्येक सांध्याला दोन मायक्रोस्विच लावा. टाय बार (किंवा सर्व्होच्या तारेऐवजी टाय बारलाच चिकटवलेली एक पट्टी) एका टोकाला गेली की एक दाबला जावा, दुसऱ्या टोकाला गेली की दुसरा. ‘टाय बारला’ यावर बोट ठेवतो. पुष्कळ जण स्विच सर्व्होच्या हाताला लावतात, कारण ते सोपं जातं. मग तार निसटली तरी सर्व्हो बिचारा फिरतोच आणि स्विच दाबतोच. खोटा साक्षीदार उभा केल्यासारखं होतं ते.

स्विचची एक तार ग्राउंडला, दुसरी आर्डुइनोच्या पायाला. प्रोग्राममध्ये तो पाय इनपुट-पुलअप ठरवा, म्हणजे बाहेर वेगळा रेझिस्टर नको. नियम असे: पहिला दाबलेला आणि दुसरा मोकळा तर नॉर्मल (सरळ). उलट असेल तर रिव्हर्स (वळणाचा). दोन्ही मोकळे तर सांधा वाटेत आहे, पिवळा दिवा मिचकवा. हुकूम देऊन पाच सेकंद झाले तरी दोन्ही मोकळेच, तर लाल मिचकवा आणि बझर वाजवा. दोन्ही दाबलेले दिसले तर तार शॉर्ट आहे. तेव्हाही लाल. हिरवा दिवा फक्त साक्षीवरून लावायचा, हुकुमावरून कधीही नाही.

मग परीक्षा घ्या. ५ मिमीला ८७ ने भागलं तर कागदाहूनही पातळ पट्टी येते, तेवढं सूक्ष्म आपल्याला जमायचं नाही. लग्नपत्रिकेचा जाड कागद दुमडून पात्याच्या टोकाशी धरा आणि सांधा फिरवा. हिरवा लागला तर मायक्रोस्विच अर्धा मिलिमीटर मागे सरकवा, पुन्हा करा. लागला नाही तर पास. माझ्या अकरापैकी चार पहिल्या दिवशी नापास झाले, आणि मी स्वतःला मेंटेनर म्हणवतो!

पाय मोजा मात्र. प्रत्येक सांध्याला दोन स्विच, एक बटण, एक सर्व्हो धरला तर नॅनो चौथ्या-पाचव्या सांध्यालाच हात टेकतो. आर्डुइनो मेगा घ्या, त्याला ५४ डिजिटल पाय आहेत.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. फ्रॉग (आमच्या भाषेत क्रॉसिंग, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ते टोक) धातूचा असेल तर सांधा बदलताना त्याची विजेची बाजूही बदलावी लागते. नाहीतर इंजिन तिथे बंद पडतं किंवा शॉर्ट होतो. हे कामही मायक्रोस्विच करतो: मधला पाय फ्रॉगला, बाजूचे दोन पाय दोन रुळांना. पण त्यासाठी तिसरा, वेगळा स्विच लावा. डिटेक्शनच्याच स्विचला फ्रॉग जोडलात तर रुळावरचे १२-१५ व्होल्ट आर्डुइनोच्या ५ व्होल्टी पायात जातील. मग तो काहीच सांगणार नाही, ना खरं ना खोटं.

काका, मी डिप्लोमाला आहे, दुसऱ्या वर्षाला. आठ सर्व्हो लावले. आर्डुइनो चालू केला की आठही सर्व्हो झटका मारतात, दोन पाती वाकल्या. गाडी चालू असताना मधेच एखादा सर्व्हो थरथरतो. कधी आर्डुइनो आपोआप रीसेट होतो. कोड बरोबर आहे, सरांनी पण बघितला. — कराड

कोड बरोबर असेल रे, पण तुझ्या फोटोत आठही लाल तारा आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पायात गेलेल्या दिसतायत. घरातल्या एका प्लगवर गिझर, मिक्सर आणि इस्त्री लावण्याचाच हा प्रकार. सर्व्हो अडला की एकटा अर्ध्या अँपिअरच्या वर मागतो. आठांनी एकदम मागितलं की व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनोला चक्कर येते आणि तो रीसेट होतो. रीसेट झाला की पुन्हा आठांना हलवतो, की पुन्हा चक्कर.

सर्व्होंना वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा दे, चार-पाच अँपिअरचा. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकमेकांना जोड. हे विसरलास तर सिग्नलला संदर्भच उरत नाही आणि सर्व्हो वेड्यासारखे नाचतात. सर्व्होंच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक.

थरथर बहुतेक लांब तारांमुळे आहे. नारिंगी तार रुळाच्या पुरवठ्याच्या तारांबरोबर एकाच जुडीत बांधलीस ना? सोडव. इंजिनाच्या ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथून आत शिरतो. सांधा फिरून झाला की प्रोग्राममध्ये सर्व्हो डिटॅच कर. ठोकाच बंद केला तर थरथरायचं कशाला? एसजी-९० चे दाते घर्षणाने जागच्या जागी राहतात, पाती काही सुटत नाही.

चालू करतानाच्या झटक्याचं कारण वेगळं. आर्डुइनोला उठल्यावर आठवत नाही, की काल रात्री कोणता सांधा कुठे होता. तो सगळ्यांना ९० अंशांवर आणतो. म्हणून प्रत्येक फिरकीनंतर स्थिती ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) लिहून ठेव आणि सुरुवातीला आधी तोच अंश लिही, मग अटॅच कर. एकेका सर्व्होमध्ये अर्धा सेकंद सोड. लिहायला ‘अपडेट’ वापर, ‘राइट’ नको. किंमत बदलली असेल तरच अपडेट लिहितं. त्या मेमरीच्या प्रत्येक घराचं आयुष्य एक लाख लिहिण्यांचं आहे. तेवढे सांधे तू बदलणार नाहीस, पण लूपमध्ये (प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) चुकून राइट ठेवलंस तर एका दुपारीत संपवशील.

आठाचे सोळा होणार असतील तर पीसीए ९६८५ नावाचा बोर्ड घे. दोन तारांवर सोळा सर्व्हो, आणि ठोके तो स्वतः मोजतो. वाकलेल्या पाती सपाट पकडीने हळूच सरळ कर, आणि शून्य नंबरची पॉलिश पेपरची घडी टोकावर फिरव. चाक तिथे अडखळता कामा नये.

बेसमेंटमध्ये एन मापाचा (एचओहूनही छोटा) डीसीसी लेआउट आहे, म्हणजे वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच जातात. सांधे स्टेशनरी डिकोडरवर (हुकूम वाचून सांधा फिरवणाऱ्या डब्यांवर), हँडसेटने फिरवतो. चुकीच्या सांध्यावर इंजिन गेलं की शॉर्ट होतो, सगळं बंद पडतं, आणि मग सांधाही फिरत नाही! दर वेळी इंजिन हाताने उचलावं लागतं. — एडिसन, न्यू जर्सी

तुम्ही घरात कुलूप लावून किल्ली आत विसरलात. सांध्यांचे डिकोडर त्याच बूस्टरवर (रुळांना वीज पुरवणाऱ्या डबीवर) आहेत, ज्यावर रूळ आहेत. चुकीच्या बाजूने आलेल्या चाकांनी फ्रॉगवर शॉर्ट केला, बूस्टरने स्वतःला बंद केलं, आणि ज्या सांध्याला फिरवून शॉर्ट सुटणार त्याचीच वीज गेली.

डिकोडरसाठी वेगळी तारांची जोडी घ्या, रुळांकडे जाणाऱ्या सर्किट ब्रेकरच्या अलीकडून निघालेली. किंवा असे डिकोडर घ्या, ज्यांना ताकद बाहेरच्या १२ व्होल्टमधून मिळते आणि रुळांकडून फक्त हुकूम. मात्र तो हुकूमही ब्रेकरच्या अलीकडूनच यायला हवा. तुमच्या देशात टॉर्टॉइज नावाची स्लो-मोशन मोटर दुकानात सहज मिळते. तिच्यातल्या चेंजओव्हर संपर्कांवर फ्रॉगही सांभाळला जाईल.

आणि हँडसेटवर सांधे फिरवण्याचा हट्ट सोडा, असं मी जरा आगाऊपणाने सांगतो. डीसीसीमध्ये सांध्यांना दोन हजारांवर पत्ते देता येतात, ते खरं. पण गाडी सांध्यापासून हातभर असताना ‘४७ की ७४’ आठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. टेबलाच्या कडेला, सांध्याच्या समोर, एक साधं बटण लावा. हुकूम हँडसेटवरूनही जाऊ द्या, जेएमआरआयसारख्या मोफत सॉफ्टवेअरवरून फोनवरही जाऊ द्या. पण हात जिथे आपोआप जातो तिथे बटण हवं.

मी पाचवीत आहे. आजोबा म्हणतात, आधी सांधा बदलायला केबिनमध्ये मोठे दांडे ओढायचे. खरं का? माझ्या गाडीला बटण नको, दांडे पाहिजेत. करता येतील का? — मिरज

शंभर टक्के खरं, आणि तुझ्या आजोबांनी ते मिरजेतच पाहिलं असणार. तुझ्या गावाच्या स्टेशनात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते: मोठे, मधले आणि बार्शी लाइट रेल्वेचे छोटे, फक्त ७६२ मिलिमीटरचे. तुझ्या दोन-अडीच पट्ट्या टोकाला टोक लाव, तेवढ्या अंतरावर दोन रूळ, आणि त्यांच्यावरून खरीखुरी आगगाडी जायची. आजोबांना विचार, ते तासभर बोलतील.

केबिनमध्ये दांड्यांची रांग असायची, आणि रंग बघून कळायचं कोणता कशाचा. सिग्नलचे लाल, सांध्याचे काळे, सांध्याला कुलूप लावणारे निळे. केबिनवाले काका दांडा ओढताना हातात फडकं धरायचे, कारण घामाच्या हाताने लोखंड गंजतं आणि त्यांचे दांडे आरशासारखे लखलखीत असायचे. आणि खालच्या लोखंडी पट्ट्या अशा एकमेकींत अडकवलेल्या असायच्या, की सांधा आणि कुलूप नीट झाल्याशिवाय लाल दांडा हलायचाच नाही. काका कितीही ताकदवान असोत.

तुला हे करता येईल. आइस्क्रीमच्या जाड काड्या घे, खालच्या टोकाला भोक पाडून एका खिळ्यावर ओव, म्हणजे त्या पुढे-मागे झुलतील. प्रत्येक काडीच्या मागे एक मायक्रोस्विच. काडी ओढली की स्विच दाबला जातो आणि आर्डुइनोला वाटतं बटण दाबलं. त्याला काय ठाऊक, वर आइस्क्रीमची काडी आहे! तारा जोडताना आणि डाग देताना मोठं माणूस शेजारी असू दे. सोल्डरिंग आयर्नचा चटका मला अजून आठवतो.

पहिल्यांदा तीनच दांडे कर. एक काळा, तुझ्या सांध्याचा. एक लाल, सिग्नलचा: काळ्या दांड्याचं काम पूर्ण झाल्याशिवाय सिग्नल हिरवा करू नकोस, असं आर्डुइनोला सांगायचं, त्यासाठी वर सोलापूरच्या काकांना लिहिलेलं कुणाकडून तरी वाचून घे. आणि तिसरा दांडा पांढरा रंगव. पांढरा म्हणजे रिकामा, अजून कशालाच न जोडलेला. प्रत्येक केबिनमध्ये असे एक-दोन असायचेच. तुझ्या वाढदिवसाला दुसरा सांधा आला, की तो काळा रंगवायचा.